चार मिनिटांत खर्च झालेलं वर्ष

नऊ जून, रविवार. रक्कम रुपये पंधराशे. ठिकाण ठाणे स्टेशनजवळच्या उडप्याच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल. हजर तिघे: मी, माझे वडील आणि आमच्या लीगचा प्रमुख.

वडील हजर होते ते योगायोगाने. त्यांचा गुडघा ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही डोंबिवलीला परतत होतो आणि मी म्हटलं, दहा मिनिटं थांबू, पैसे देऊन टाकतो. ते दहा मिनिटांचं थांबणं मला महागात पडलं.

पंधराशे कशाचे, ते आधी सांगतो. संगणकावरचा एक खेळ आहे, अमेरिकन कॉलेजांच्या बास्केटबॉलचा. त्यात आपण चेंडूला हात लावत नाही. चित्रंसुद्धा नाहीत, नुसते तक्ते. आपण एका कॉलेजचे प्रशिक्षक. शाळा संपवून येणाऱ्या मुलांतून खेळाडू निवडायचे, कोणाला कसला सराव द्यायचा ते ठरवायचं, सामन्यात कोण किती मिनिटं खेळणार ते लिहून ठेवायचं. दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता संगणक दोन-दोन सामने खेळवतो आणि निकाल लावतो, शेवटचे दोन मात्र वेगवेगळ्या दिवशी. एका हंगामात चोवीस सामने, निवडीचा काळ धरून आठ आठवडे. आमच्या ऑफिसात अमेरिकन गिऱ्हाइकांची बिलं तपासायचं काम चालतं, त्यातून तिकडचे खेळ कानावर पडत गेले आणि आम्ही बारा जणांनी लीग केली. प्रमुख माझ्याच ऑफिसातला, घोडबंदर रोडला राहणारा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्या परदेशी साइटचे पैसे त्याच्या कार्डावरून जातात, म्हणून एका संघाची वर्षाची वर्गणी, पंधराशे, आम्ही त्याच्याकडे भरतो.

"एवढे पैसे देऊन खेळायचं, आणि पळायचं कोणी?" वडिलांनी इडली मोडत विचारलं.

"संगणक पळतो काका," प्रमुख म्हणाला.

"मग घाम?"

"घाम सरांचा. सर एका खेळाडूसाठी तीन-तीन रकाने भरतात."

हे खरं होतं. मी हिशेब तपासणीत एकोणतीस वर्षं काढली आहेत. मला बास्केटबॉलचं प्रेम नाही. मला त्या तक्त्यांचं आहे. आणि त्या रविवारी माझ्या तक्त्यात एक मोठा खड्डा दिसत होता, त्याबद्दलच मला प्रमुखाशी बोलायचं होतं.

संघात बारा खेळाडू असतात. प्रत्येकाला चार हंगाम मिळतात, मग तो पदवी घेऊन जातो. माझे सात खेळाडू एकदम गेले होते, म्हणून मला सात नवे एकदम घ्यावे लागले. म्हणजे चार हंगामांनंतर हे सातही एकदम जाणार आणि मी परत सात कोवळी मुलं घेऊन मार खाणार. यावर उपाय एकच. तिकडे त्याला रेडशर्ट म्हणतात, आम्ही साधं 'बसवणं' म्हणतो. एखाद्या खेळाडूला पूर्ण हंगाम सामन्यात उतरवायचं नाही, फक्त सराव द्यायचा. तसं केलं तर तो हंगाम त्याच्या चारांत धरत नाहीत. कारकिर्दीत एकदाच ही सवलत. पण अट कडक: हंगामात एक मिनिट जरी तो मैदानावर दिसला, तर वर्ष खर्च.

मी सातांपैकी तिघांना बसवायचं ठरवलं. चार जण आधी जातील, तीन एक हंगाम उशिरा. खड्डा बुजला. किंमत एवढीच की हा हंगाम नऊ जणांवर काढायचा आणि हरायचं. आमच्या लीगचा नियम असा की सलग दोन हंगाम आठपेक्षा कमी सामने जिंकले तर संघ काढून घेतात. एक हंगाम पडलो तर चालतं. मी एक पडायला तयार होतो. हा संघ मी सव्वा वर्ष तळापासून वर आणला होता. तो जाऊ द्यायचा नव्हता.

प्रमुखाने मान डोलावली. पैसे घेतले, मोबाइलवर पावती पाठवली.

वडील म्हणाले, "तिघांना वर्षभर बसवणार?"

"हो."

"त्यांनी काय केलंय?"

मी प्रमुखाकडे बघून हसलो. मला वाटलं, ते गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते.

माझे वडील कल्याणच्या एका शाळेत तेहतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. खो-खो त्यांचा जीव. आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, दिवसभर खुर्चीत. त्या दिवसापासून माझा खेळ त्यांना आवडायला लागला. मी लॅपटॉप उघडला की खुर्ची सरकवून शेजारी. पहिले काही दिवस मला बरंही वाटलं. ते खेळाडूंची नावं वाचायचे, उंची विचारायचे, सहा फूट दहा इंचाचा आमचा नवा मधला खेळाडू होता त्याला 'खांब' म्हणायला लागले. 'खांब आज काय शिकला?' असं जेवताना विचारायचे. बायको हसायची. पण रोज एक वाक्य यायचंच.

"अरे, त्या खांबाला दोन मिनिटं तरी उतरव."

"बाबा, दोन मिनिटांत वर्ष जातं. सांगितलंय तुम्हाला."

"सरावाने खेळाडू तयार होत नाही. मैदानाने होतो."

"यात होतो. यात सरावानेच आकडा वाढतो. हे बघा, जूनमध्ये उडी एकतीस, आता छत्तीस."

"छत्तीस कशाचे? सेंटीमीटर?"

"नुसते छत्तीस."

"मग ती उडी नव्हे," ते म्हणायचे आणि पेपर उचलायचे.

मी त्यांना समजावायला कागद घेतला. वर सात रेघा, खाली चार आणि तीन. त्यांनी तो कागद नीट बघितला, घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. मला वाटलं, पटलं.

जुलैच्या शेवटी ऑफिसने मला नाशिकला चार दिवस गोदामाच्या मालमोजणीला पाठवलं. मधे शनिवार येत होता, एकविसावा आणि बाविसावा सामना. तोवर मी पाच जिंकलो होतो. गोदामात नेटवर्क नाही, हे आधीच कळलं होतं. सामन्याच्या आधी कोणी जखमी झालं तर बदल करावा लागतो, नाहीतर संगणक मनाला येईल तसा करतो. लीगमधल्या कोणाला पासवर्ड देणं मला बरोबर वाटलं नाही, ते सगळे प्रतिस्पर्धी. म्हणून वडिलांना दिला. एका कागदावर पाच सूचना लिहिल्या. चौथी लाल शाईत: या तिघांच्या नावासमोरच्या 'बसवलेला' या खुणेला हात लावू नये.

सोमवारी घरी आलो. चहा व्हायच्या आधी लॅपटॉप उघडला. एकविसावा सामना, विजय, एकाहत्तर विरुद्ध छप्पन्न. खाली खेळाडूंची मिनिटं. तिघांच्या नावापुढे चार, चार, चार.

मी पडदा बंद करून परत उघडला. चारच.

"बाबा, हे काय?"

"जिंकलो की." ते खुर्चीतून वाकून बघत होते. "खांबाने दोन बास्केट केल्या. वाचलंस?"

"तुम्ही खूण काढलीत?"

"काढली."

"संगणक विचारतो. नक्की का, म्हणून. इंग्रजीत विचारतो, तुम्हाला इंग्रजी येतं."

"विचारलं. तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं." मग जरा मऊ आवाजात, "समोरचा संघ दुबळा होता रे. आपण जिंकणारच होतो. अशा सामन्यात राखीव पोरांना उतरवायचं असतं. घरी सांगायला होतं त्यांना, आज आपण खेळलो म्हणून."

"त्यांना घर नाही, बाबा!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, कारण मी घरात ओरडत नाही.

मी प्रमुखाला फोन केला. परत फिरवता येईल का. तो म्हणाला, "सर, साइटवरून झालेलं मिनिट परत जात नाही. आणि मी तुमच्यासाठी केलं तर बाकीचे दहा माझ्या डोक्यावर बसतील." बरोबर होतं त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो. म्हणूनच अधिक चीड आली. भांडायला माणूसच नव्हता.

हंगाम सहा विजयांवर संपला. एक पडणं खर्च झालं होतं आणि बदल्यात काहीच हाती नव्हतं. पुढे दोन वाटा. एक, तिघांना आता खेळवायचं आणि तीन हंगामांनी सातही एकदम जाताना बघायचे. दुसरी, त्यांना या दुसऱ्या हंगामात बसवायचं. सवलत कोणत्याही एका वर्षी घेता येते, ती अजून शिल्लक होती. पण मग पुन्हा नऊ जणांवर हंगाम काढायचा, आणि आता आठ विजय मिळालेच पाहिजेत. सात झाले तर संघ गेला.

मी दोन रविवार आकडेमोड केली. जुने दोन जात होते, नवे दोन येत होते, चौघे एका वर्षाने अनुभवी झाले होते. मागच्या सगळ्या निकालांवरून माझा अंदाज साडेआठ निघाला. साडेआठ म्हणजे आठच्या वर. तिघांना बसवलं. पासवर्ड बदलला.

पासवर्ड बदलल्याचं वडिलांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. शेजारी खुर्ची आणणं थांबलं. मंगळवारी सात वाजले की ते आतल्या खोलीतून विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायचो. बस.

गणपतीत एक दिवस मी आणि ते घरी दोघेच होतो. मी तिघांच्या सरावाचे आकडे भरत होतो. ते मागे उभे राहिले, वॉकर धरून.

"दुसरं वर्ष बसवलंस त्यांना."

"तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे कसं? मी उठवलं होतं."

तेव्हा माझ्या तोंडून ते गेलं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आणि ते वाक्य मी चाळीस वर्षं बोललो नव्हतो.

"तुम्ही मला तीन वर्षं बसवलंत."

याचा संदर्भ सांगायला हवा. आठवी, नववी, दहावी मी त्यांच्याच शाळेत होतो, त्यांच्याच खो-खो संघात. संघ बारांचा, नऊ खेळायचे, तीन राखीव. तिन्ही वर्षं मी राखीव. गुरुजींचा मुलगा म्हणून. गुरुजींनी स्वतःच्या मुलाला आधी घेतलं असं कोणी म्हणू नये, यासाठी तो सगळ्यात शेवटी. तेव्हा आम्ही ठाकुर्लीत राहायचो. सामने असले की मी त्यांच्याबरोबर पहाटे निघायचो, लोकलने खडवलीपर्यंत जायचो, आणि दिवसभर लिंबू-साखरेचा डबा आणि पोरांच्या चपला सांभाळायचो. संघ तालुक्यात दोनदा पहिला आला. फोटोत मी आहे. बुटाला माती नाही.

मला वाटलं होतं, ते म्हणतील, तू तेवढा चांगला नव्हतास. तसं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

"लोक काय म्हणाले असते?" ते म्हणाले.

"काही म्हणाले नसते. मी पळायला चांगला होतो."

"चांगला होतास. सगळ्यांत चांगला पळायचास. म्हणून तर बसवावं लागलं. सुमार असतास तर एखाद्या सामन्यात उतरवलं असतं, कोणी वशिला म्हटलं नसतं."

"हे तुम्ही तेव्हा सांगायचं होतं."

"मुलाला तोंडावर चांगला म्हणायची पद्धत नव्हती आमच्यात." मग वॉकर वळवत, "आणि तू विचारलं नाहीस."

मी आकडे भरत राहिलो. एका खेळाडूचे दोनदा भरले, नंतर दुरुस्त केले. बरं वाटलं का, असं कोणी विचारेल. नाही वाटलं. चाळीस वर्षांनी कळून त्याचं काय करायचं? माझी राग धरायची सरळ जागा होती, तीसुद्धा वाकडी झाली.

हंगाम संपत आला. बाविसाव्या सामन्यापर्यंत सहा विजय. तेविसावा जिंकलो, सात. चोविसावा, शेवटचा, लीगप्रमुखाच्याच संघाशी. त्यात माझा नेहमीचा मधला खेळाडू आधीच्या सामन्यात घोटा मुरगळून बाहेर. आता माझ्याकडे उंच असा एकच होता, आणि तो बसवलेला. खांब. त्याची उडी तोवर एकोणपन्नास झाली होती.

सामन्याच्या शनिवारी दुपारी प्रमुखाचा फोन आला. "सर, मला हा सामना जिंकून-हरून फरक नाही. मी तिसराच राहतो. सांगा, माझा मोठा प्लेअर आज खाली ठेवतो. तुमचा संघ राहील."

"नको."

"कोणाला कळणार नाही."

"मला कळेल. तुझा पूर्ण संघ उतरव."

फोन स्पीकरवर होता, माझी सवय. आतल्या खोलीतून आवाज आला, "वा! दुसऱ्याला त्याचा खेळाडू बसवू देत नाहीस आणि स्वतःचा उठवत नाहीस. मग जिंकायचं कसं, आरती करून?"

"काकांचा मुद्दा बरोबर आहे सर," प्रमुख म्हणाला.

मी फोन ठेवला. खांबाला उतरवलं तर सामना बहुतेक माझा, संघ माझा, पण त्याची सवलत गेली ती कायमची. एकाच खेळाडूची. दोघे तरी मागे राहिले असते, पाच आधी आणि दोन नंतर, तेही चाललं असतं. हे मला त्या वेळी स्पष्ट दिसत होतं. तरी माझ्या तक्त्यात बसवणं लिहिलं होतं आणि पावणेसातला तक्ता बदलायचा हात होईना. साडेआठचा अंदाज मी केलेला. तो मला खोटा पाडायचा नव्हता.

सात वाजून चार मिनिटांनी निकाल आला. अडुसष्ट विरुद्ध एकाहत्तर. तीन गुणांनी गेलो.

"किती?" आतून विचारलं गेलं.

"सात," मी म्हटलं. सामन्याचे गुण नाही, हंगामाचे विजय सांगितले.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी साइटवरून पत्र आलं, मी ते घरात वाचून दाखवलं. संघ काढून घेतला. गेलेला प्रशिक्षक तोच संघ परत घेऊ शकत नाही, त्याने तळातला रिकामा संघ घ्यावा. माझा संघ मोकळा जाहीर झाला, जो आधी पैसे भरेल त्याचा. तीन पूर्ण तयार खेळाडू, प्रत्येकाचे तीन-तीन हंगाम शिल्लक, खड्डा बुजवलेला. सव्वा वर्षाचा आणि दोन पडलेल्या हंगामांचा माल. कोणीतरी आयता उचलणार म्हणून मला दिवसभर ऑफिसात काही सुचलं नाही. एका बिलात मी चूक सोडली, ती दुसऱ्याने काढली. असं याआधी झालं नव्हतं.

दुपारी प्रमुख माझ्या टेबलाशी आला. "सर, तुमचा संघ गेला. सकाळी साडेनऊलाच पैसे आले."

"कोण?"

तो हसू दाबत होता. "नवीन मेंबर आहेत. वय अठ्ठ्याहत्तर."

घरी आलो तर वडील जेवणाच्या टेबलाशी, बायकोचा लॅपटॉप समोर, चष्मा कपाळावर. शेजारी बायको, नवीन पासवर्ड वहीत लिहून घेत होती.

"तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"मीच पाठवले पैसे त्यांच्या मोबाइलवरून. त्यांना ते पैसे पाठवायचं जमत नाही." ती वर न बघता म्हणाली. "तुम्ही घेऊ शकत नव्हता. बाहेरच्याने नेण्यापेक्षा घरात राहिला."

"बाबा, त्या तिघांचे तीन हंगाम आहेत. नीट वापरले तर..."

"सगळे बारा खेळणार," ते म्हणाले. "पाळीपाळीने."

"पाळीपाळीने जिंकत नाही कोणी!"

"तू बसवून किती जिंकलास?"

याला उत्तर होतं. पहिल्या हंगामात सहा, त्यातला एक तुमचा, दुसऱ्यात सात. मी दिलं नाही.

"बघ, पहिल्या सामन्यात खांब पूर्ण चाळीस मिनिटं," त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. खांब दमेल, चाळीस मिनिटांत त्याचे फाऊल भरून तो बाहेर जाईल, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो संघ माझा नव्हता.

हिशेब असा मिटला. वडिलांनी त्यांच्या पेन्शनमधून पंधराशे रुपये लीगप्रमुखाला दिले, माझ्या जुन्या संघासाठी. त्याच संध्याकाळी मीही पंधराशे दिले, त्यालाच, तळातल्या एका संघासाठी, ज्याने मागच्या हंगामात दोन सामने जिंकले होते.